बाराशे चाळीस चौरस फूट

ताईच्या दुकानाचे परवाने मी एकट्याने काढून दाखवले असते, तर माझ्या पदरात दोन गोष्टी पडल्या असत्या. एक, एजंटाची फी वाचवल्याचं श्रेय. दुसरी जास्त मोलाची: ट्रकची गोष्ट कायमची बंद! एकोणीस वर्षांपूर्वी ताईने घर बदललं, तेव्हा सामानाचा ट्रक मी भलत्याच पत्त्यावर धाडला होता. तिथल्या भल्या माणसांनी तो निम्मा उतरवूनही घेतला आणि शिलाई मशीन फार छान आहे, असा निरोप पाठवला. तेव्हापासून आमच्या घरात चार माणसं जेवायला बसली, की पाचवी ती गोष्ट पाट मांडून बसते.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शिवणकाम करते. हाताखाली चार बायका. भाड्याचं दुकान मालकाला महिनाअखेर परत हवं होतं, म्हणून तिने आयुष्यभराची शिल्लक मोडून मागच्या गल्लीतलं एक जुनं गोदाम विकत घेतलं. आतली एक बुटकी भिंत पाडायची, दर्शनी बाजूला काच लावायची, वर पाटी ठोकायची, की झालं दुकान. तिला एका शाळेच्या दोनशे दहा गणवेशांचं काम मिळालं होतं. शाळा उघडायच्या आत ते गेले, तर दरवर्षीचं काम पक्कं. नाही गेले, तर त्या चार बायकांना काय सांगायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

एजंटाला सगळे ‘पंधरा मिनिटं’ म्हणत. कुठलंही काम विचारा, हा म्हणणार, पंधरा मिनिटांचं आहे साहेब. मग दोन महिने दिसणार नाही. मी ताईला म्हटलं, एकतीस वर्षं हिशेबखात्यात काढलेला भाऊ घरात असताना हा माणूस कशाला? ताई जरा घुटमळली. ट्रक तिच्या डोळ्यांसमोरून जाताना मला स्पष्ट दिसला. पण ती म्हणाली, बरं, बघ.

परवाने निघाले सहा. भिंत पाडण्याचा वेगळा. गोदामाचं दुकान करायचं, तर वापर बदलल्याचा वेगळा. आगीच्या खात्याचा, सांडपाण्याचा, पाटीचा, आणि बांधकामाचं सामान फुटपाथवर ठेवायचं म्हणून फुटपाथचा. एका रविवारी सहाही अर्ज जेवणाच्या टेबलावर पसरले आणि बसलो. प्रत्येक अर्जात एक चौकोन होता: क्षेत्रफळ. गोदामाच्या कागदावर आकडा होता बाराशे चाळीस चौरस फूट. मी सहाही चौकोनांत सुंदर अक्षरात बाराशे चाळीस लिहिलं.

बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “अहो, ती भिंत एवढी मोठी आहे?”

मी तिला समजावून सांगितलं, की कागद तपासणारा माणूस भिंत बघत नाही, आकडे बघतो. सहा कागदांवर सहा आकडे दिसले, की त्याला संशय येतो. सगळीकडे एकच आकडा असला, की तो डोळे मिटून सही करतो. माझ्या आयुष्याची कमाई होती ती! बायकोने उरलेली भाजी मुकाट्याने निवडली. पुढे मी तिची साक्ष काढू शकलो नाही, ते यामुळेच.

आगीच्या खात्याचा परवाना चार दिवसांत आला. मी तो छातीशी धरून ताईकडे गेलो, आणि परत येताना चालणं थोडं ऐटीतलं झालं होतं, हे कबूल करतो.

मग फुटपाथचा आला. म्हणजे परवाना नंतर, आधी माणसं आली. पिवळ्या कठड्यांनी भरलेला टेम्पो घेऊन. आमच्या गल्लीतला फुटपाथ पाच फूट रुंद. बाराशे चाळीस भागिले पाच, म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस फूट. त्यांनी इमानदारीत मोजून कठडे लावले. न्हाव्याचं दुकान आत गेलं, औषधवाला आत गेला, झेरॉक्सवाल्याचं अर्धं दार आत गेलं. आणि त्या भल्यामोठ्या कुंपणात आमचं सामान काय, तर सिमेंटच्या नऊ गोण्या आणि एक शिडी. संमेलनाला कुणीच येऊ नये आणि वक्त्यांनी नुसतं बसून राहावं, तशा त्या गोण्या तिथे बसल्या होत्या.

न्हावी हातात वस्तरा घेऊनच बाहेर आला. रागावला नाही, हेच जास्त वाईट. त्याने गोण्या मोजल्या, कठडे बघितले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “काका, उरलेलं सामान कधी येतंय?”

पाठोपाठ पाटीचं पत्र आलं. बाराशे चाळीस चौरस फुटांच्या पाटीसाठी लोखंडी सांगाडा किती वारा सोसेल याचा दाखला जोडावा, आणि विमानांना दिसावा म्हणून वर तांबडा दिवा बसवावा. पाटीवर आम्हाला फक्त ‘शिवणकाम’ एवढंच लिहायचं होतं. मी ते पत्र दुमडून खिशात घातलं आणि कुणाला दाखवलं नाही.

पण पाडकामाचा परवाना काही खिशात मावला नाही. त्या सकाळी ताई गोदामात रंगाऱ्याला रंग दाखवत होती. एक हसतमुख माणूस आला आणि त्याने पाण्याची जोडणी तोडली. दुसरा आला आणि विजेचं मीटर काढून पिशवीत टाकलं. ताईने विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, सगळंच पाडायची परवानगी मिळाली ना बाई, बाराशे चाळीस फूट. मग पडलेल्या गोदामात दिवे कशाला? आणि तिच्याकडून सही घेऊन गेला.

मी पालिकेत धावलो. खिडकी नंबर चारवर वापरबदलाचं काम बघणाऱ्या बाई होत्या. चष्मा साखळीला, समोर डबा उघडा. माझी फाइल शोधून त्यांनी घास गिळला.

“काका, तुमचं गोदाम नोंदीत पाडायला घातलंय. नसलेल्या इमारतीचा वापर कसा बदलणार?”

“अहो, पण ते उभं आहे! आत्ता बघून आलो मी.”

“मग विनापरवाना उभं आहे,” बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. “बसा. दोन घास खा. तोंड पांढरं पडलंय तुमचं.”

खाता खाता त्यांनी सांगितलं, की सगळे अर्ज मागे घेऊन खरी मापं घालून नव्याने भरायचे. वीस दिवस लागतील. कुणी जाणतं माणूस बरोबर असलं, तर बरं. मी महिनाअखेर मोजली. अकरा दिवसांवर होती.

ताईला सांगायला गेलो, तेव्हा ती अंधाऱ्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सहाही अर्जांच्या प्रती मागितल्या, त्यांच्याबरोबर माझ्या खिशातलं पाटीचं पत्रही बाहेर आलं. दारातल्या उजेडात धरून तिने एकेक कागद वाचला.

“सगळीकडे एकच आकडा का लिहिलास रे?”

“जुळावा म्हणून.”

तिने गळ्यातली टेप काढून हातात घेतली.

“मी गळ्याचं माप बाहीला लावलं, तर जुळेल?”

ती उठली आणि टेपने भिंत मोजायला लागली. मी दुसरं टोक धरलं. भिंत अडतीस चौरस फूट. पाटी अठरा. नऊ गोण्या आणि शिडीला फुटपाथ पंचवीस, आणि तोही न्हाव्याच्या दाराच्या अलीकडे संपणारा. प्रत्येक आकडा तिने शिवणाच्या खडूने, कापडावर मांडावा तसा, भिंतीवर लिहिला. पंधरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं.

मग ते आकडे कागदावर उतरवून मीच एजंटाकडे गेलो. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, साहेब, मापं कुणी घेतली? अशी मापं माझ्याकडे येत असती, तर मी खरंच पंधरा मिनिटांत कामं केली असती. विसाव्या दिवशी सगळे परवाने हातात आले. जन्मात पहिल्यांदा तो वेळेवर आला, असं खिडकी चारच्या बाईंनी सांगितलं.

पण गणवेशांना वीस दिवस कुठले? जुनं दुकान सुटलं, नव्यात वीज नाही. मग पाच मशीनं आमच्या बैठकीच्या खोलीत आली. चार बायका, ताई, दोनशे दहा गणवेश आणि निळ्या धाग्यांचा गालिचा. माझी खुर्ची बाल्कनीत गेली, तिच्यापाठोपाठ मी. बटणं लावायचं काम माझ्याकडे आलं. आठशे चाळीस बटणं, एका सदऱ्याला चार. तो आकडा मात्र मी दोनदा मोजून घेतला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळे गणवेश गेले, आणि शाळेने पुढच्या वर्षाचं कामही ताईलाच दिलं.

तर आता जमाखर्च. एजंटाची फी मी भरली. पाणी आणि वीज परत जोडण्याचा खर्च माझा. न्हाव्याचे चार दिवस बुडाले, म्हणून मी आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे दाढी करतो, आणि माझी दाढी आठवड्यातून दोनदा करण्याइतकी येत नाही. ट्रकची गोष्ट बंद झाली, हे खरं. आता पाटीवरचा तांबडा दिवा सांगतात.

दुकान उघडलं त्या दिवशी ताईने सगळ्यांसमोर माझ्या हातात एक पुडकं दिलं. आत शर्ट होता. छाती चाळीस इंच. गळाही चाळीस. बाही चाळीस, मनगट चाळीस, खिसा चाळीस. चिठ्ठीवर लिहिलं होतं, “जुळतंय का बघ.” चारही बायका तोंडावर कापड धरून हसत होत्या. शर्ट उचलला, तर खाली दुसरा होता, पांढरा, नेमका माझ्या मापाचा. बाल्कनीत बटणं लावत बसलेलो असताना तिने नजरेनेच माप घेतलं होतं.

मी डोळे पुसून वर बघितलं, तर ताई पावतीपुस्तक काढत होती. दुकानाची पहिली पावती माझ्या नावाची. दोन शर्टांचं कापड. शिलाई फक्त एकाचीच लावली होती. चाळीस इंचवाल्याची.