सुनेचा गुडघा

फोन स्पीकरवर होता, खरं तर चूक एवढीच झाली.

चष्म्यांचं दुकान उघडायची वेळ झाली होती आणि नवरा शर्टाची बटणं लावत होता, म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवला. दवाखान्यातल्या मुलीने मंजुळ आवाजात घरभर जाहीर केलं की उद्या मॅडमची पीआरपी आहे, उपाशीपोटी यायचं, सोबत कुणीतरी हवं. समोर सासूबाई पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांनी पेपर खाली केला.

"पीआरपी म्हणजे काय रे?"

आता खरं सांगायचं तर असं होतं. बायकोच्या तपासण्या झाल्या होत्या आणि तिच्या वयाच्या मानाने स्त्रीबीजांचा साठा फारच कमी निघाला होता. सोनोग्राफीत जेमतेम एक फॉलिकल, म्हणजे बीज धरणारी पिशवी, दिसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून सुईने अंडाशयात सोडायचा. गुण येईल किंवा येणारही नाही, याचा अजून अभ्यास चालू आहे, मी शब्द देणार नाही. दोघांनी करून बघायचं ठरवलं, आणि घरी अवाक्षर काढायचं नाही हेही ठरवलं. सासूबाई टपाल खात्यात खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतरही बातम्या घरपोच करण्याचं काम त्यांनी विनामूल्य चालू ठेवलं होतं. पण बायकोचं खरं कारण वेगळंच होतं. नाही जमलं तर मला माझंच रडू आवरायचंय, ती म्हणाली होती, त्यात आईंचंही उतरलेलं तोंड बघावं लागलं तर मी मोडून पडेन.

तर एवढं सगळं नवऱ्याच्या डोक्यात होतं आणि आई उत्तराची वाट बघत होती. खोटं बोलण्यात हा अगदीच कच्चा. गिऱ्हाइकाला न शोभणारी फ्रेम 'छान दिसतेय' असं म्हणणंही त्याला जमत नसे. पण दवाखान्याच्या जिन्यात त्याने एक जाहिरात वाचली होती, की हेच औषध गुडघ्यालाही देतात.

"गुडघा," तो म्हणाला. "हिचा गुडघा दुखतो. उजवा."

बायको त्याच वेळी कप घेऊन आत येत होती, आणि चांगली ताडताड चालत येत होती. 'उजवा' हा शब्द कानावर पडला आणि दारातच तिचा पाय ओढायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा नाटक करायची गरजच नव्हती. ओटीपोट दुखत होतं, ती वाकूनच चालत होती. सासूबाईंनी गुडघ्याला शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. पण पोटाचं दुखणं दोन दिवसांत थांबलं आणि गुडघ्याचं काही थांबेना. औषधाचा गुण कळायला महिने जाणार होते, आणि सासूबाईंनी गुडघ्याची बातमी अख्ख्या इमारतीत पोचवली होती. त्यांनी जिना चढायला बंदी केली, गुडघ्याला घालायचा पट्टा आणला, आंघोळीला उंच स्टूल आणलं. शेजारणीची मुलगी नेमकी बायकोच्याच शाळेत, त्यामुळे शाळेतही लंगडणं आलं. आणि बायको शाळेत शिकवायची काय, तर पीटी. खुर्चीत बसून शिट्टी वाजवणाऱ्या पीटीच्या बाई मुलांना भलत्याच आवडल्या. सातवीचा वर्ग तर त्यांच्यासारखा लंगडतच मैदानाला फेरी मारू लागला.

सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे पाय लक्षात राहायचा नाही. सकाळी उजवा, संध्याकाळी डावा. मग नवरा चष्म्याची उजवी काडी चाचपून खूण करायचा. लक्षात राहणार तरी कसं? तिचं सगळं लक्ष आत लागलेलं. जाग आली की पहिला विचार तोच, आत काही हलतंय का, की सगळं फुकट? कुणाला विचारायची सोय नाही, बघायची सोय नाही. वर्गाला उड्या मारायला सांगताना तिला मधूनच एवढी भीती वाटायची की ती आकडे मोजायचीच थांबायची.

सोनोग्राफीची तारीख जवळ आली आणि सासूबाईंचा गुडघा दुखायला लागला. मलाही तुमच्याच डॉक्टरांकडे न्या, असा त्यांनी धोशा लावला. नवऱ्याने डॉक्टर परदेशी गेलेत म्हणून पाहिलं, मग ते फक्त तरुण गुडघे घेतात म्हणून पाहिलं. त्या दिवशी दोघं खाली उतरली, तर सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन गाडीत आधीच बसलेल्या.

नशीब एवढंच की दवाखान्याच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर होते. नवऱ्याने आईला तिथे बसवलं आणि बायको 'एक्स-रे काढायला' म्हणून तिसऱ्या मजल्यावर सटकली. मग त्याची वरखाली धावपळ सुरू झाली. वर गेला तर बायको आत गेलेली आणि दार बंद. खाली आला तर आईची तपासणी संपलेली. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं.

"तुमच्या आईंच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. आणि मी इंजेक्शन दिलं म्हणतात ती सून कोण? मी तिला पाहिलेलंही नाही."

नवऱ्याने वळून बघितलं तर आईची खुर्ची रिकामी. तो जिन्याकडे धावला. आई कठड्याला हातही न लावता भराभर वर चालली होती. हे बघण्याच्या नादात त्याची पायरी चुकली आणि पाय मुरगळला.

वर भिंतभर बाळांचे फोटो होते. त्यांच्याखाली बायको नुकतीच बाहेर येऊन बसली होती. दारात सासूबाई दिसल्या तशी ती दचकून उठली आणि सवयीने लंगडली.

"डावा," सासूबाई म्हणाल्या. "अगं, मी सगळ्यांना उजवा सांगितलाय."

बायकोने घाईघाईने पाय बदलला.

"मी जन्मभर टपालात काढला. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही, पण कुठून आलंय ते शिक्क्यावरून कळतंच. शेकायची पिशवी मी गुडघ्याला दिली होती. तू ती पोटाशी धरून झोपलीस."

"मग तुमचा गुडघा?"

"तुझा चालतो, मग माझा का चालू नये? हा दोन मजल्यांवर धावत बसणार आणि तू इथे एकटी. म्हणून आले."

इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिथेच फुटलं. सासूबाई शेजारी बसल्या. काय झालं, काय म्हणाले, काही विचारलं नाही. बायकोनेच सांगितलं, की एका फॉलिकलच्या आता तीन दिसतायत. हुरळून जाऊ नका, यानेच झालं असंही छातीठोक सांगता येत नाही, पण पुढचा प्रयत्न करून बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

तेवढ्यात नवरा भिंतीला धरत आला. पाय मुरगळलाय, म्हणाला.

"आता तू नको रे सुरू करूस," आई म्हणाली.

घरी पोचल्यावर जिन्यात शेजारीण भेटलीच. नवरा खराखुरा लंगडत पुढे गेला, त्याच्या मागून बायको, उजव्या पायाने. सूनबाईंचा गुडघा काय म्हणतोय, असं शेजारणीने विचारलं. एरवी या प्रश्नावर सासूबाईंनी अर्धा तास घेतला असता. आज त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पदराने चष्मा पुसला.

"डॉक्टर म्हणाले, आशा आहे," एवढंच म्हणून त्या वर गेल्या.

साध्या गुडघ्याचं इतकं गंभीर दुखणं असू शकतं, हे शेजारणीला त्या दिवशी कळलं. तिने संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीला सांगितलं.