उस्मानचाचांची टांगती होडी

उस्मानचाचा विहिरीत घागर सोडताना "आरिया!" ओरडत आणि ओढताना "हबेस!" आख्ख्या आळीला कळे, चाचांकडे पाणी भरतंय. जर्मनच्या लढाईआधी ते सुरतेला पळून जहाजावर खलाशी झाले होते. 'सोडा' आणि 'ओढा' हे दोन हुकूम तिथून घरी आले ते कायमचे. लेंग्याची नाडी आवळतानाही ते हबेस म्हणतात, असं गावातली टवाळ पोरं सांगत. मी काही पाहायला गेलो नाही.

आता ते तापीवर शिडाची नाव चालवत. सगळा गाव त्यांच्या नावेतून पैलतीरी जाई, त्यांची बायको सोडून. हलीमाचाचींचा भाऊ याच पाण्यात बुडालेला. तेव्हापासून त्यांनी नावेत पाऊल टाकलं नव्हतं. आणि लेक दिलेली पैलतीरी! पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बैलगाडीनं वळसा घालून जायचं तर पोचेपर्यंत नातू रांगायला लागायचा.

चाचांनी तोड काढली ती जहाजी. जहाजाच्या पाठीला दोन वाकडे लोखंडी हात असतात, त्यांना दोरांनी छोटी होडी टांगलेली. जहाज बुडू लागलं की होडी खाली सोडायची आणि जीव वाचवायचा.

"पाटील, तेच हात मी नावले बसाडसू," ते मला म्हणाले. "मंग तिले कसानी भीती?"

बरं, लोखंड कुणाचं? माझ्या गाडीच्या चाकाची जुनी धाव! लोहारानं ती तापवून वाकवली. नावेच्या मागच्या अंगाला कठडाच नव्हता, तो रनाळ्याच्या सुतारानं केला. बैलगाडीच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

चाचणीला गाव लोटला. चाचांनी होडीत गोधडी अंथरून वर ज्वारीचं पोतं ठेवलं. पोत्याला गोधडी कशाला, मला कळेना. "हबेस!" होडी उचलली गेली, क्षणभर झुलली, आणि कठडा, हात, होडी, पोतं, सगळं धपकन तापीत! सुतारानं कठडा गाडीसारखा नुसता भोकांत खोवला होता.

"कठडा ते निंघालेच पायजे ना!" सुतार उलट चाचांवरच तापला. "नही ते माल कशा भरशात?"

लोक पोट धरधरून हसले. चाची मात्र घरी निघून गेल्या. चाचांच्या तोंडाकडे पाहवेना. मला फार वाईट वाटलं.

मग सगळं पाण्यातून काढून चाचांनी स्वतःच बोल्ट आरपार घालून कठडा आवळला आणि लोखंडी हातांना लोंबकळून पाहिलं. तेवढ्यात निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या. चाची बोचकं घेऊन काठावर आल्या. टांगत्या होडीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "मोठी बुडनी ते मंग धाकलीमा कव्हय चढू? मी आतेच तठे बठस."

आणि बसल्या की हो! त्याच गोधडीवर, दोन्ही दोर गच्च धरून, डोळे मिटून. नाव मागे कलू नये म्हणून मला पुढच्या टोकाला बसवलं. गावचा पाटील, आणि वजनापुरता!

पैलतीर आला. मोठी नाव गाळात रुतते, वाळूपर्यंत होडीच जाते. चाचांनी नावेचं मागचं अंग वाळूकडे वळवून दोर हातात घेतला. आता दोन्ही तीर दणाणणार म्हणून मी कानांवर हात ठेवले. पण ओरडा काही येईना. मागे वळून पाहिलं तर चाचा दोर जरा जरा सोडत होते आणि पुटपुटत होते, "आरिया... हलीमा, आरिया..."

होडी वाळूला टेकली. चाचींनी डोळे उघडले आणि लेकीच्या घराकडे धावतच सुटल्या. चाचा दोर धरून तसेच उभे.

"चाचा, सोडा आता," मी म्हटलं.

"ऱ्हावू द्या, पाटील," ते म्हणाले. "हात थरथरी ऱ्हायनात."