कणाला टिकाऊपणाचा दाखला

प्रयोगशाळेत तयार होणारा औषधाचा कण महिन्याभरात विरघळून जातो, ही गंभीर बाब टिकाऊपणा कक्षाच्या तपासणीत उघडकीस आली.

कण बनवणाऱ्या बाईंना सगळे ढवळेबाई म्हणत. ते त्यांचे आडनाव नव्हते, काम होते. काम समजायला सोपे आहे. बाटलीत तेल आणि पाणी घालून जोरात हलवले की तेलाचे बारीक थेंब होतात ना? बाई तेलाऐवजी चटकन उडून जाणारा एक द्रव घेत. त्यात औषध आणि शरीरात विरघळणारे प्लास्टिक मिसळत, ते साबणासारखा पदार्थ घातलेल्या पाण्यात थेंबथेंब सोडत आणि यंत्राने सपाटून ढवळत. द्रव उडून जाई, मागे कण उरत. एका केसाच्या जाडीत शेकडो बसतील एवढे बारीक. असा कण शरीरात झिजत झिजत औषध सोडतो आणि शेवटी आपणही नाहीसा होतो. शहाणा पाहुणा निघताना अंथरुणाची घडी करून जातो, तसा.

हा सगळा खटाटोप प्रयोगशाळेच्या शिपाईमामांसाठी होता. त्यांना रोज ह्याच औषधाची सुई टोचावी लागे. "बाई, आता दंडावर नवी जागाच उरली नाही," मामा म्हणत. "आजची सुई कालच्याच भोकात गेली. निदान वाट तरी चुकली नाही." कण आले की महिन्याला एकच सुई पुरणार होती. अडले होते ते फक्त टिकाऊपणाच्या दाखल्यावर.

"नमुना वर्षभर कपाटात ठेवायचा आणि वर्षाने जसाच्या तसा निघायला हवा," कक्षाचे साहेब म्हणाले. "बादलीला तोच नियम, खुर्चीला तोच."

"साहेब, हा विरघळावा म्हणूनच बनवलाय."

"म्हणजे खराब होणारी वस्तू तुम्ही जाणूनबुजून बनवता. हे लेखी देता का?"

बाईंनी न विरघळणारे प्लास्टिक घेतले. कण वर्षभर टिकला. औषधही आतून बाहेर पडेना. कक्षाने शेरा दिला : गळती नाही, समाधानकारक.

मग साहेबांनी नमुन्याची बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

"कण कुठायत?"

"ह्यातच, साहेब. अब्जावधी आहेत."

"मला गढूळ पाणी दिसतंय. शिक्का नमुन्यावरच उमटला पाहिजे. पाण्यावर कसा मारू?"

"कण मोठा हवा असेल तर ढवळणं कमी करावं लागेल."

"करा की. तुमच्याकडे फार ढवळाढवळ चालते, अशी तक्रार आहेच."

बाई ढवळणे कमी करत गेल्या आणि कण वाढत गेला. वाटाण्याएवढा झाला तेव्हा त्यावर शिक्क्याचा एक कोपरा मावला. लिंबाएवढ्यावर शिक्का मावला, पण सही मावेना. सही आणि तारीख दोन्ही बसायला तो नारळाएवढा करावा लागला. तोवर ढवळणे पार बंद झाले होते. साहेबांनी तो टेबलावरून पाडून पाहिला, तर त्याला तडा गेला. म्हणून पुढचा कण लोखंडाचा ओतला. त्याने फरशी फोडली आणि तो उत्तीर्ण झाला.

दाखल्यावर लिहिले आहे : औषधवाहक कण, नग एक. दुष्परिणाम : निरंक, कारण शरीरात जात नाही.

मामांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून वर आणला. "बाई, हा टोचायचा कुठे?"

"मामा, तुम्ही आधी खाली ठेवा तो. कंबर धरेल."

आता तो प्रयोगशाळेचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला अडण लावला आहे. मामांची सुई रोजची रोज चालू आहे. आत फळीवर बाईंनी जुन्या पद्धतीने बनवलेल्या कणांची बाटली असते. ती बाई दर महिन्याला पुन्हा ताजी भरून ठेवतात, कोणी विचारलेच तर दाखवायला. पाहायला माणसे पुष्कळ येतात. दारातल्या गोळ्यावर बोटाने टकटक करतात, "माल भक्कम आहे हं," म्हणतात, मग बाटलीकडे पाहून विचारतात, "ह्यात खरंच काही आहे का?"

तुम्हीही या. मामा बाही वर करून दारातच उभे असतात. तुमचे बोट आधी कुठे जाते, गोळ्याकडे की बाटलीकडे, तेवढेच त्यांना पाहायचे आहे.