धक्क्यावरची डेलिया

‘स्वागत, डेलिया’ एवढंच नेस्तोरियोनं फलकावर लिहून घेतलं होतं. सान रोकेच्या नगरपालिकेत पाहुण्यांच्या सरबराईचं काम त्याच्याकडे होतं आणि नव्या गव्हर्नरबाई पहिल्यांदाच बेटावर येणार होत्या.

घरी त्याच्या बायकोनं, फेलिसानं, फलक उलगडून पाहिला. “आडनाव कुठाय?”

“लोक प्रेमानं डेलियाच म्हणतात गं.”

“आणि आधीच्या दिमाकुलांगानांवर प्रेम नव्हतं वाटतं? त्यांचं अख्खं आडनाव लिहिलं होतंस. शेवटची अक्षरं पार माडाला गुंडाळावी लागली.”

“ते गव्हर्नर होते,” नेस्तोरियो म्हणाला आणि फलक काखेत मारून बाहेर पडला.

काम जोखमीचं होतं. धक्क्याच्या फळ्या कुजल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांनी तर तिकडे फिरकणंच सोडलं होतं. नवा धक्का मंजूर करून घ्यायचा तर आजचा मानपान चोख व्हायला हवा, असं महापौर आर्सेनास यांनी बजावलं होतं. काही चुकलं तर नेस्तोरियोची बदली मासळीबाजाराच्या गटारांवर करू, अशी पुरवणीही जोडली होती.

बोट आली. गव्हर्नरबाईंना प्रत्यक्ष कुणी पाहिलं नव्हतं. निवडणुकीच्या पोस्टरवर रंगवणाऱ्याचा हात इतका सढळ होता, की त्यावरून सख्ख्या बहिणीनंही त्यांना ओळखलं नसतं. पहिली उतरली ती लाल कोटातली, काळा चष्मा लावलेली बाई. फलक वाचून ती जागच्या जागी थबकली.

“आपण डेलिया?” नेस्तोरियोनं वाकून विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. डेलिया लुमापास अकरा वर्षं हाँगकाँगला घरकाम करून परतत होती. कोट तिथल्या मालकिणीनं निघताना दिलेला. येतेय म्हणून तिनं आईलासुद्धा कळवलं नव्हतं.

बँड सुरू झाला. गळ्यात मोगऱ्याचा हार पडला, पोरी फेर धरून नाचू लागल्या. डेलिया डोळे विस्फारून पाहत राहिली. ती गेली तेव्हा गावातलं कुत्रंही तिच्यामागे आलं नव्हतं.

“एवढं काय केलं हो मी?” तिनं दबक्या आवाजात विचारलं. “दुसऱ्यांची घाण काढली, भांडी घासली, पोरं सांभाळली.”

नेस्तोरियो महापौरांच्या कानाला लागला. “दिमाकुलांगानांच्या कारभाराबद्दल बोलतायत. पोरं म्हणजे बहुतेक आपण.”

“काय साधेपणा आहे,” महापौर भारावून म्हणाले.

मिरवणूक चौकाकडे निघाली, तेव्हा बोटीतून शेवटची बाई उतरत होती. तिच्या सचिवाला बोट लागली होती आणि तो आत आडवा झाला होता, म्हणून ती एकटीच होती. चार पावलांवर तिचा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. तो सोडवून, फाटके मोजे सावरत ती पोलिसापाशी आली.

“मी बांतुग.”

पोलिसानं तिच्या मागे पाहिलं. “बांतुगसाहेब कुठायत?”

“साहेब कुणी नाहीत. मीच.”

“मग जरा बाजूला व्हा, मानांग,” थोरल्या बहिणीची समजूत घालावी तसं तो म्हणाला. “आज डेलिया आल्यात.”

“मीच डेलिया.”

“असाल की. माझी मेहुणीपण डेलियाच आहे.”

चौकात महापौरांनी लगेच नव्या धक्क्याची मागणी मांडून माइक पाहुणीच्या हाती दिला. तिला आपण काय बोलावं ते कळेना. मग जे मनात होतं तेच ती बोलली.

“मी गेले तेव्हाही धक्का असाच होता. आईला फळ्यांवर पाय टाकायची भीती वाटायची. ती तिकडे वाळूतच उभी राहिली. बोट निघाल्यावर मला ती बोटाएवढी दिसत होती. नंतर तेवढीपण दिसेना.”

गव्हर्नर असं बोलतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मागे उभ्या असलेल्या बांतुगबाईसुद्धा ऐकत राहिल्या.

तेवढ्यात एक म्हातारी खुर्च्यांतून वाट काढत पुढे आली. नेस्तोरियोनं तिला अडवलं.

“सोड मला. ती माझी डेलिया आहे.”

“आज त्या सगळ्यांच्याच डेलिया आहेत, आजी.”

“सगळ्यांची कशी? कळा मी सोसल्या.”

व्यासपीठावरच्या बाईनं चष्मा काढला आणि कर्ण्यातून अख्ख्या बेटाला ऐकू गेलं, “आई, गुडघे कसे आहेत गं?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेस्तोरियोनं मात्र म्हातारीचं आडनाव विचारलं. ते ऐकून तो शेजारच्या खुर्चीवर बसला. खुर्ची महापौरांची होती.

“आता मी वर जाऊ का?” मागून बांतुगबाईंनी आपलं नाव सांगून विचारलं.

त्या वर आल्या तेव्हा महापौरांचे हात आपोआप जोडले गेले. “चूक झाली, डेलिया. म्हणजे डेलियाबाई.”

“आधीच्या दिमाकुलांगानांचं पहिलं नाव काय हो?” त्यांनी सहज विचारलं.

महापौरांनी नेस्तोरियोकडे पाहिलं. नेस्तोरियोनं बँडवाल्यांकडे. दिमाकुलांगान तीन वेळा निवडून आले होते, पण चौकात एकालाही ते सांगता येईना.

“मला वाटायचं, त्यांना नव्हतंच,” मागून एक कोळी म्हणाला.

बांतुगबाई हसल्या आणि खुर्चीवर बसल्या. “लुमापासबाई, तुमचं बोलणं अर्धंच राहिलंय. आईंनाही वर घ्या.”

मग डेलिया लुमापास आईचा हात धरून बोलली. बाजारात उभ्यानं गप्पा माराव्यात तशी बोलली, आणि गाव चर्चमध्ये बसावं तसं ऐकत होतं. धक्का तिथल्या तिथे मंजूर झाला.

पुढल्या उन्हाळ्यात तो बांधून झाला. उद्घाटनासाठी नेस्तोरियोनं या वेळी ‘स्वागत, गव्हर्नर बांतुग’ असं लिहून घेतलं. फेलिसानं अक्षर न् अक्षर तपासलं. बोट आली, आणि तिच्यातून पहिला उतरला तो एक उंच, भारदस्त गृहस्थ.

“आपण बांतुग?”

“हो.”

बँड सुरू झाला. पोलिसानं कडक सलाम ठोकला. महापौरांनी हार घालून फितीची कात्री त्या गृहस्थांच्या हाती दिली.

“आभारी आहे,” ते कात्री उलटसुलट करून पाहत म्हणाले. “पण मी दातांचा डॉक्टर आहे. गव्हर्नर माझी बायको. ती मागून येतेय.”