सातवी प्लेट

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत, आणि हे नाव लोकांनी कौतुकानेच ठेवलंय याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जिवाणूंची प्रथिनं अभ्यासणाऱ्या कुणालाही वापरता यावा, म्हणून तिथे जनुकांचा सामायिक संग्रह तयार होत होता. शहाण्णव खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात एक जनुक, आणि कुठे काय आहे त्याची यादी. अशा प्लेटांची पहिली पेटी आज अकराला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत जायची होती. ती बिनचूक पोचली तर संग्रहाच्या फ्रीझरची किल्ली काटेकोरकडे, असं प्रमुखबाई म्हणाल्या होत्या. ती किल्ली त्याला मनापासून हवी होती.

सकाळी त्याने सातवी प्लेट निळ्या दिव्याखाली धरली आणि मग पुन्हा एकदा धरून पाहिली. खुणेचं हिरवं जनुक पहिल्या खळग्यात चमकायला हवं, ते चमकत होतं शेवटच्यात. भरताना त्याने प्लेट उलट्या टोकाने ठेवली होती. नव्याने भरायला तासभर, यादी उलटवायला दोन मिनिटं. त्याने यादी उलटवली आणि बाईंच्या बैठकीत ताठ मानेने जाऊन बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पेटी गेली. दुपारच्या चहाला जुन्या तंत्रज्ञ मावशी त्याच्या कानाशी आल्या.

"सातवी उलटी भरली होतीस बघ. तू बैठकीत होतास, तेवढ्यात मी मूळ प्लेटवरून नवी भरून ठेवली. म्हटलं, उगाच तुझी शोभा कशाला."

"मावशी, मी यादी उलटवली होती."

मावशींनी कप खाली ठेवला. प्लेट सरळ, यादी उलटी. म्हणजे तिकडे शहाण्णव जनुकं परक्या नावांनी नांदणार आणि लोक वर्षभर भलत्याच प्रथिनामागे धावणार. आता बाईंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मावशींना सोबत घेऊन काटेकोरने त्यांच्यापुढे उभं राहून एका दमात सगळं ओकून टाकलं, तोच फोन वाजला. तिकडचेच प्रमुख होते. बाईंनी स्पीकर लावला.

"सातव्या प्लेटची यादी उलटी होती. चमक बघितल्यावर कळलं. आम्ही गुपचूप सरळ करून घेतली. तुमच्या माणसाला मात्र सांगू नका, बिचाऱ्याला वाईट वाटेल."

"नाही सांगत," म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काही ऐकलं नाहीत ना?"

"नाही, बाई."

काटेकोरचा जीव भांड्यात पडला. काही म्हटलं तरी पेटी बिनचूकच ठरली होती. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

बाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढली आणि मावशींच्या हातावर ठेवली.

"हेही तुम्ही पाहिलं नाहीत," त्या काटेकोरला म्हणाल्या.