खिडकीजवळचा रुमाल

मी आयुष्यात पहिल्यांदा सहलीला गेलो तेव्हा जळगावपासून धुळ्यापर्यंत उभा राहून गेलो आणि खिडकीजवळच्या सीटवर एक रुमाल बसून आला. साधा पांढरा, निळ्या काठाचा रुमाल. डावीकडची तिसरी सीट. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर एक लिंबू ठेवलेलं. म्हणजे रुमालालाही सोबत होती. मला नव्हती.

रुमाल भास्करनानांचा, सहलही भास्करनानांची. आमच्या गल्लीत माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर त्यांचं घर. तेलाच्या गिरणीत ते टाइमकीपर. भोंगा त्यांच्या हातात, हजेरी त्यांच्या हातात. त्यामुळे सूर्यही आपल्याला विचारून उगवतो असा त्यांचा समज. बोलणं शाळामास्तरासारखं शुद्ध, फक्त "आहे" हा शब्द त्यांनी जन्मात वापरला नाही. त्यांचं सगळं "शे". "वेळ म्हणजे वेळ शे," हे वाक्य दिवसातून चाळीसदा.

सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास त्यांनी हा सहलींचा उद्योग सुरू केला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक जुनी भाड्याची गाडी ठरवायची, गल्लीतली, गिरणीतली चाळीसेक माणसं भरायची, सकाळी सहाला निघायचं आणि दिवेलागणीला परत. नफा एक पैसा नाही. धंद्यात नफा नसला की मला माणसाचा संशय येतो. मी डोक्यावर ॲल्युमिनियमची पातेली घेऊन पहूरच्या बाजारात उन्हात उभा राहून मोठा झालेला माणूस. फुकटात कोणी कोणाला फिरवत नाही, हे मला पक्कं ठाऊक.

म्हणून पहिल्या खेपेला मी घासाघीस केली. तासभर केली. शेवटी नाना म्हणाले, "ठीक शे भाऊ. दर कमी केला."

मी खूश. गाडीत चढलो तर सगळ्या सीटा भरलेल्या, फक्त ती एक मोकळी. मी लिंबू उचलायला हात घातला.

"हां हां हां! तिथं रुमाल शे!"

"मग मी कुठं बसू?"

"कमी दरात बसणं कुठून येईल? कमी दरात उभं राहायचं."

गाडीतले चाळीस लोक हसले. त्यातल्या निम्म्यांना मी भांडी उधार दिली होती.

आता आमच्याकडे रुमालाचा कायदा फार कडक. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पंचा, जे हाताला लागेल ते सीटवर फेकायचं. मग मालक सावकाश दारातून चढला तरी जागा त्याची. जमिनीच्या सातबाऱ्यावरून भाऊ भाऊ कोर्टात जातील, पण पडलेला रुमाल कोणी उचलणार नाही. पण रुमालाच्या मागून माणूस यावा लागतो की नाही? नानांच्या रुमालामागून कधी कोणी आलंच नाही. मी त्यांच्याबरोबर सात सहली केल्या. सातही वेळा सीट रिकामी गेली आणि रिकामीच परत आली. सातही वेळा मी उभा, कारण दर मी एकदाही पूर्ण दिला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

सहली तरी कुठं? लळिंगचा किल्ला. नकाण्याचा तलाव. सोनगीर. पुन्हा लळिंग. साक्रीकडचं एक देऊळ. तिसऱ्यांदा लळिंग. जळगावपासून दोन तासांवर अजिंठ्याची लेणी, समुद्र ओलांडून गोरे लोक बघायला येतात, आणि जळगावचा हा एकमेव सहलवाला आम्हाला दर महिन्याला उलट्या दिशेला, एरंडोल-पारोळ्याच्या धुळीतून धुळ्याकडे नेणार! विचारलं की उत्तर तयार : "अजिंठा कुठं पळून जातो? दोन हजार वर्षं उभा शे. तुमच्यासारखा."

बरं, नेल्यावर बघू तरी द्यावं. किल्ल्याच्या पायथ्याशी घड्याळ काढून उभे. "पस्तीस मिनिटं शेत. चढायला पंधरा, उतरायला दहा, बघायला दहा." एकदा गल्लीतल्या अक्कांनी भरीत-भाकरीचं गाठोडं सोडलं, पहिला घास तोंडात गेला आणि नानांनी शिट्टी फुंकली. अक्का उरलेलं जेवण गाडीत जेवल्या. भरीत त्यांच्या पुढच्या माणसाच्या कॉलरवर जेवलं.

पण हाच माणूस धुळ्याच्या स्टँडवर गाडी लावायचा आणि त्याचं घड्याळ बंद पडायचं. "वीस मिनिटं," म्हणायचे आणि पाऊण तास हलायचे नाहीत. किल्ल्याला दहा मिनिटं, स्टँडला पाऊण तास! त्या स्टँडचे खांब किती, कोणत्या खांबावर पानाच्या पिचकाऱ्या किती, हे मी आजही सांगू शकेन.

तिथं नाना काय करायचे? गाडीतून उतरायचे, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे पाठ करून उभे राहायचे आणि भोंग्याच्या आवाजात ओरडायचे, "ही गाडी लळिंगला चालली शे! संध्याकाळी पाचला इथंच परत! खिडकीजवळची एक जागा मोकळी शे!"

कोणाला सांगत होते? आम्ही सगळे आत. आम्हाला लळिंग तोंडपाठ. एकदा एक भला माणूस पिशवी घेऊन धावत आला, "मोकळी आहे ना जागा?" तर नाना त्याच्यावर खेकसले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ओरडताय की!"

"मी तुम्हाला नाही ओरडत!"

बाहेरचा चहा ते घेत नसत. "टपरीवरचा चहा म्हणजे वेळेचा खून शे." असं म्हणून त्याच टपरीसमोर पाऊण तास उभे.

आठव्या महिन्यात मी ठरवलं, बास. गल्लीत फिरलो, तीस माणसं फोडली. सगळ्यांना घेऊन नानांच्या ओट्यावर गेलो.

"नाना, या महिन्यात अजिंठा. नाहीतर तुमच्या गाडीत तुम्ही आणि रुमाल."

नानांचा चेहरा उतरला. "पुढच्या महिन्यात नेतो."

"याच."

"निदान धुळ्यावरून जाऊ."

"अजिंठ्याला? धुळ्यावरून?" माझ्यामागची तीस माणसं हसली. या खेपेला नानांना हसली. मला फार बरं वाटलं.

सौदा मी जिंकला. शिवाय खिडकीची जागा मागितली, तीही मिळाली. नानांनी रुमाल आणलाच नव्हता.

अजिंठ्याला नानांनी घड्याळ काढलं नाही. शिट्टी फुंकली नाही. खाली नदीच्या काठावर एका दगडावर बसून राहिले. आम्हाला हाकलायला कोणी नाही, त्यामुळे काय करावं कळेना. सवय नव्हती. अक्कांनी सावकाश जेवून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आज चवच नाही हो भरताला." येताना मी खिडकीत बसलो होतो. तोंडावर धूळ येत होती. खिडकीची जागा म्हणजे काही फार सुखाची नसते.

चार दिवसांनी पितळी घागरी आणायला मी सोनगीरला निघालो. धुळ्याला गाडी बदलायची होती, म्हणून त्या कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. टपरी रहीमचाचांची. सात सहलींत आमची तोंडओळख झालेली.

"भाऊ, तुमचे ते ओरडणारे नाना या इतवारी का नाही आले? बीमार तो नहीं?"

"ठणठणीत आहेत. आम्ही अजिंठ्याला गेलो होतो."

"अरे अल्ला! आणि इथं त्यांचे भाऊ एक वाजेपर्यंत उभे."

"कोण भाऊ?"

"धाकटे. इथंच गल्लीत राहतात, शिलाईकाम करतात. तुमची गाडी यायच्या आधी येतात, माझ्या टपरीच्या मागं उभे राहतात. गाडी गेली की चहा घेऊन घरी. दर महिन्याला. या खेपेला गाडीच नाही आली. तीनदा आत जाऊन विचारून आले, पारोळ्याच्या रस्त्यावर काही अपघात झाला का म्हणून."

मी सोनगीरला गेलो, पण घागरींचा भाव नीट केला नाही. पहिल्या आकड्याला हो म्हटलं. दुकानदार घाबरला, त्यानं स्वतःच दोन आणे कमी केले.

जळगावला उतरलो तो तडक नानांच्या ओट्यावर. मला राग आला होता. कोणाचा ते नक्की ठरलं नव्हतं.

"नाना, तुमचा भाऊ त्या टपरीच्या मागं उभा असतो!"

नाना घड्याळाला चावी देत होते. "माहीत शे."

"माहीत आहे? मग पाठ करून काय उभे राहता? वळा, हात धरा, आणा!"

"वळलो तर जाईल तो. पहिल्यांदा वळलो होतो. सहा महिने आला नाही." त्यांनी घड्याळ गुडघ्यावर ठेवलं. "यशवंताला पिंपळनेरची मुलगी सांगून आली होती. बघायला निघालो दोघं. धुळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. त्यानं खिडकीजवळ रुमाल टाकला आणि म्हणाला, दादा, दाढी करून येतो. मुलीनं नीट बघायला पाहिजे. दहा मिनिटं झाली, हा येईना. कंडक्टर चांगला माणूस, म्हणाला थांबू का? मी म्हणालो, वेळ म्हणजे वेळ शे. मारा घंटी. येईल मागच्या गाडीनं, अद्दल घडेल."

"मग?"

"गाडी वळली तेव्हा दिसला. पळत होता. अर्ध्या गालाला साबण." नाना माझ्याकडे बघत नव्हते. "मागची गाडी त्या दिवशी आलीच नाही. तिकडे मुलीच्या बापानं विचारलं, नवरदेव कुठं? काय सांगणार? त्यांना अपमान वाटला. आठ दिवसांत मुलगी दुसरीकडे दिली. यशवंतानं नंतर मुलगी बघितलीच नाही. माझ्या दारात पाय ठेवला नाही. रुमाल तेवढा माझ्याकडे राहिला."

घासाघीस करण्यासारखं इथं काही नव्हतं. म्हणून जे होतं ते सांगितलं. "रविवारी तो विचारत होता, अपघात झाला का म्हणून."

"विचारत होता?"

"तीनदा."

"किती वाजेपर्यंत थांबला?"

"एक."

नानांनी सवयीनं घड्याळ उचललं. "आपली गाडी पावणेनऊला लागते. म्हणजे सव्वाचार तास." त्यांनी घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. "माझ्यासाठी सव्वाचार तास थांबला तो. मी एक मिनिट थांबलो नव्हतो."

मी उठलो. "पुढच्या महिन्यात लळिंग," म्हणालो.

"लळिंग तीनदा झालं शे."

"किल्ला नीट बघून झाला नाही. तुम्ही बघू कुठं दिला?"

गल्लीत मी पुन्हा फिरलो. पहिल्यापेक्षा जास्त बोलावं लागलं, कारण अजिंठा बघितल्यापासून लोकांना चोखंदळपणा आला होता. पण सगळ्यांना सगळं सांगितलं आणि एक अटही घातली.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गाडी धुळ्याला लागली. नाना उतरले, टपरीकडे पाठ करून उभे राहिले. त्या दिवशी भोंग्याचा आवाज जरा फाटला. "ही गाडी लळिंगला चालली शे! खिडकीजवळची एक जागा मोकळी शे!" थोडं थांबून, आजवर कधी न म्हटलेलं एक वाक्य : "गाडी थांबेल! कितीही वेळ थांबेल!"

टपरीच्या बरोबर विरुद्ध बाजूला सार्वजनिक मुतारी होती. टपरीकडे कोणी बघायचं नाही, ही अट. म्हणून ठरल्याप्रमाणे आम्ही चाळीसही जण मुतारीकडे बघत बसलो. एका मुतारीकडे इतक्या माणसांनी इतकं मन लावून बघितल्याचं धुळ्यात दुसरं उदाहरण नसेल. आतून बाहेर येणारा एक गृहस्थ आम्हाला पाहून पुन्हा आत गेला.

पाऊण तास झाला. तास झाला. गाडीची पायरी वाजली नाही.

मग रहीमचाचांचा आवाज आला. "नाना, चाय."

"मी बाहेरचा घेत नाही."

"पैसे दिलेत."

"कोणी दिले?"

"ज्यांच्याकडे बघायचं नाही, त्यांनी."

मी अट मोडली, पण नानांकडेच पाहिलं, आणखी कुठं नाही. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. पाठ तशीच टपरीकडे. तो चहा त्यांनी उभ्यानं इतका सावकाश घेतला की ड्रायव्हर एक डुलकी काढून उठला. रिकामा ग्लास त्यांनी न वळता, हात मागं करून दिला. आमच्या डोक्यावरून कोणालातरी म्हणाले, "साखर जास्त शे. लहानपणीसारखी."

लळिंगला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, किल्ला पायथ्यावरूनच बघावा लागला. कोणी तक्रार केली नाही. खिडकीजवळ रुमाल बसला होता, वर लिंबू. मी शेवटपर्यंत उभा होतो, आणि या खेपेला तर मी दर पूर्ण दिला होता.