पाटकरांची काळी कर्दळ

पाटकरांच्या घरी चहा मिळे, पण त्याआधी हात धुवावे लागत. हात स्वच्छ असले तरी. ते तांब्या घेऊन दारातच उभे असत आणि पाहुण्याला घराच्या बाजूला, मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे नेत. "इथे धुवा. जरा पुढे. हां, आता पडलं मुळाशी." पोस्टमनने तिथे हात धुतले, मीटर बघायला येणाऱ्याने धुतले. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला तर त्यांनी चपला काढून पायही धुवायला लावले होते.

त्या जागी कर्दळ होती. हिरव्या पानांची नव्हे. जुन्या तांब्याच्या हंड्यासारखी काळपट-जांभळी पानं आणि वर लालभडक फुलं. सिल्वासाच्या सरकारी वसाहतीत असा रंग दुसरीकडे नव्हता. रस्त्यापलीकडचे लोक म्हणत, दारात काळं झाड कशाला? पाटकर म्हणत, "काळं नाही. दाट शाईतलं आहे."

ते सर्व्हे ऑफिसात नकाशे काढत. गाव देवगडकडचं. घरची मंडळी गावी असते, असं सांगत. मंडळी इकडे आलेली आम्ही कधी पाहिली नाही. माझी पत्नी सरकारी शाळेत शिक्षिका, म्हणून आम्हाला त्यांच्या शेजारचं क्वार्टर मिळालं होतं. मध्ये एक भिंत. मी एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवत असे आणि बराच वेळ घरी असे. त्यामुळे पाटकरांकडचे हात धुण्याचे प्रसंग मी बहुतेक सगळे ऐकले आहेत.

एकदा मी विचारलं, तांब्यातलं पाणी सरळ झाडाला का घालत नाही?

"ते प्यायचं पाणी," पाटकर म्हणाले. "नळ सरकारने माणसांसाठी दिलाय. तुम्ही हात धुतलेत की ते सांडपाणी झालं. सांडपाण्यावर झाडाचा हक्क आहे."

हक्क हा त्यांचा आवडता विषय. फुलांवर येणाऱ्या मधमाश्या म्हणजे सामायिक हिस्सेदार. फुलपाखरं उपरी, आज आहेत, उद्या नाहीत. आणि शिंजीर पक्ष्यांची एक जोडी होती, नर काळानिळा, अंगठ्याएवढा, तो फुलात वाकडी चोच घालून मध प्यायचा. ती जोडी म्हणजे कुळ. "दरवर्षीची वहिवाट आहे. त्यांना आता कोणी काढू शकत नाही." उन्हाळ्यात ही जोडी पाटकरांच्या व्हरांड्यातल्या कपड्यांच्या तारेला घरटं टांगायची. मग पाटकर दोन महिने कपडे खिडकीच्या गजांवर वाळवत.

कर्दळीचा कंद मात्र त्यांनी कोणाला दिला नाही. माझ्या पत्नीने मागितला तेव्हा उत्तर मिळालं, "पोटहिस्सा पाडत नाही."

अशाच एका उन्हाळ्यात पाटकरांच्या पलीकडच्या क्वार्टरात महाजन राहायला आले. मूळचे जळगावकडचे, वीज खात्यात. नवरा-बायको, दोन मुली आणि म्हातारे वडील. नव्या घरात सत्यनारायण ठरला. मी आणि पाटकर ऑफिसच्या वेळेनंतर एकदमच पोचलो. व्हरांड्यात चौरंग मांडलेला. त्याच्या चार कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधायचे असतात, तिथे काळ्या कर्दळीचे चार दांडे बांधले होते. फुलांसकट.

पाटकर उंबऱ्यापाशी थांबले. "वहिनी, हे कुठले?"

"तुमच्या मोरीवरचे, भाऊ. केळीचे खुंट भेटलेच नाही. बाजारवाला म्हणे, काले आवजो. सत्यनारायण काय उद्यावर ढकलता येतो? म्हटलं, गटारीवर फुकट वाढलंय, देवाच्या कामी येईल."

"सगळे कापलेत?"

"फुलं होती तेवढे."

"बसा की भो," महाजन म्हणाले. "गवतासारखं वाढतं ते."

पाटकर बसले नाहीत. तारेवरच्या घरट्यात पिलं होती आणि आजूबाजूला दुसरं फूल नव्हतं. हे त्यांना आणि मला माहीत होतं. भटजींनी तिसरा अध्याय काढला, तेवढ्यात शिंजीर आला. चौरंगाभोवती दोनदा फिरला आणि मागच्या दांड्यावर बसून त्याने फुलात चोच घातली.

महाजनवहिनींनी हात जोडले. "देव आला!"

"देव नाही, कुळ आहे," पाटकर म्हणाले. "जमीन शोधत आलंय. पिलं आहेत त्याला. कोणी हलू नका."

कोणी हललं नाही. भटजींनी उरलेली पोथी पुटपुटत संपवली. आरती झाली ती टाळ्यांशिवाय, घंटेशिवाय. तशी आरती मी पुन्हा पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा आटोपल्यावर वहिनी ते दांडे बादलीत घालून पाटकरांकडे आल्या. बादली घरट्याखाली ठेवली. मग मोरीपाशी गेल्या. त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"आमच्याकडे कर्दळ छपराला लागते, भाऊ. तुमची अशी रोड का? पाणी घालत नाही का?"

पाटकर म्हणाले, "कर्दळ मोरीवर जगते, वहिनी. माझ्या मोरीत येतं काय? एक ताट, एक कप, एक आंघोळ. म्हणून येईल त्याला हात धुवायला लावतो."

तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. वहिनी हात धूत होत्या.

पिलं उडून गेल्यावर पाटकरांनी कर्दळीचा एक कंद खणून काढला आणि स्वतःच्या हाताने महाजनांच्या मोरीच्या तोंडाशी लावला. पाच माणसांचं पाणी. पुढच्या उन्हाळ्यात तिथली काळी पानं खिडकीच्या वर गेली, आणि शिंजिरांनी घरटं महाजनांच्या तारेला बांधलं.

"तुमचं कुळ गेलं की," मी म्हणालो.

"चांगली जमीन मिळाली त्याला," पाटकर म्हणाले.

तेव्हापासून ते संध्याकाळी ऑफिसातून आधी महाजनांकडे वळू लागले. वहिनी तांब्या घेऊन दारात असत. पाटकरांचे हात स्वच्छच असायचे. ऑफिसातून निघताना शाई धुऊन निघण्याची त्यांची पद्धत होती. तरी ते बाजूला जाऊन ओंजळ पुढे करत.

"जरा पुढे, भाऊ," वहिनी म्हणत. "मुळाशी पडू द्या. चहा टाकलाय."